मैदान बाधलंय का? फुटबॉलमधले शाप, दोरे आणि तोडगे : वाचकांचे प्रश्न

पावसाळी स्पर्धा जवळ आल्या की आमच्याकडे दुखापतींची आणि बुटांची पत्रं येतात. या महिन्यात निम्मी पत्रं निघाली ती दोरे, नजर, शाप आणि ‘लकी’ मोज्यांची. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, शाळेच्या संघात फॉरवर्ड खेळतो. मनगटात त्र्यंबकेश्वरहून आणलेला दोरा आणि गळ्यात ताईत असतो. सामन्याआधी पंचांनी दोन्ही काढायला लावलं. वरून चिकटपट्टी लावतो म्हटलं, तरी ऐकलं नाही. त्या दिवशी पोरगं मैदानावर हरवल्यासारखं वावरलं. पंचांनी श्रद्धेत ढवळाढवळ केली, असं घरात सगळ्यांना वाटतं.
(एक पालक, इंदिरानगर)

उत्तर : पंचांचं बरोबर होतं. फुटबॉलचा चौथा नियम खेळाडूच्या साहित्याचा आहे. माळ, अंगठी, कडं, कानातलं, चामडी किंवा रबरी पट्टा, यातलं काहीच अंगावर चालत नाही. पट्टीनं झाकलेलंही चालत नाही, हे नियमातच स्पष्ट लिहिलंय. दोरा-ताईतही पंच त्याच कलमात धरतात. कारण साधं आहे. झटापटीत गळ्यातला दोरा ओढला गेला की काचतो, आणि जाळीच्या हुकात अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलली जाते. वर पट्टी असली तरी अंगठी अडकायची ती अडकतेच. सामना चालू असताना पंचांच्या लक्षात आलं, तर ते वस्तू काढायला सांगतात; ती काढली नाही तर खेळ पुढे थांबेल तेव्हा खेळाडूला बाहेर जावं लागतं. वस्तू काढून, तपासणी करून घेऊन पंचांच्या परवानगीनंच आत यायचं. काढायला नकार दिला तर पिवळं कार्ड.

घोळ झाला तो वेळेचा. किक-ऑफला पाच मिनिटं असताना, सगळ्यांसमोर, घाईत दोरा कापला गेला, तर कुठलंही पोर बावरेल. निघतानाच तुमच्या हातानं दोरा-ताईत सोडवून देव्हाऱ्यात ठेवा आणि घरी आल्यावर परत बांधा. सामन्याच्या दोन आठवडे आधीपासून सरावालाही तसंच पाठवा. दोऱ्याशिवाय आठ-दहा सराव नीट झाले की त्याच्या अंगात ते मुरतं. ऐन वेळी दिलेल्या समजुतीनं काही होत नाही. दोरा सैल बांधा म्हणजे गाठ सुटेल. कापावा लागला की मुलाला तो अपशकुन वाटतो, आणि ती भीती खरी असते.

प्रश्न : बेनफिकाला बेला गुटमनचा शाप आहे म्हणतात. आठ अंतिम सामने हरणं हा योगायोग कसा असेल?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर : प्रशिक्षक गुटमन यांनी पोर्तुगालमधल्या बेनफिका क्लबला १९६१ आणि १९६२ असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकून दिला. मग पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, आणि ‘पुढची शंभर वर्षं बेनफिका युरोपचा विजेता होणार नाही’ असं म्हणून ते गेले, अशी कथा सांगितली जाते. त्यानंतर क्लब १९६३, १९६५, १९६८, १९८३, १९८८, १९९०, २०१३ आणि २०१४ असे आठ युरोपीय अंतिम सामने हरला. १९९० चा अंतिम सामना व्हिएन्नाला होता. गुटमन यांची कबर तिथेच असल्यानं बेनफिकाचे जुने खेळाडू युसेबिओ यांनी तिथे जाऊन प्रार्थना केली. मिलाननं तरीही १-० नं हरवलं.

नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा छापा पडण्याची शक्यता २५६ त १ असते. क्वचित घडतं, पण घडतं. शिवाय हे सामने नाणेफेकीसारखे बरोबरीचे नव्हतेच. १९६५ चा सामना इटलीच्या इंटर क्लबविरुद्ध होता आणि झाला इंटरच्याच मैदानावर, सान सिरोत. त्यात बेनफिकाचा गोलरक्षक कोस्ता परेरा जखमी झाला. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणून बचावपटू जर्मानो गोलमध्ये उभा राहिला. १९६३ ला लंडनच्या वेम्बलीवर बेनफिकाच्या कोलुनाला दुखापत झाली, तिथेही बदली नाही. १९६८ ला मँचेस्टर युनायटेडशी गाठ, तीही पुन्हा वेम्बलीवर. २०१४ ला एन्झो पेरेझ, साल्व्हिओ आणि मार्कोविच हे तिघे निलंबित होते, आणि सेव्हिया जिंकला तो पेनल्टीवर. या प्रत्येक पराभवाला असं हातात धरता येईल असं कारण आहे.

आणखी एक गोष्ट कथेत सहसा येत नाही. १९६५-६६ च्या मोसमात गुटमन स्वतः बेनफिकाचे प्रशिक्षक म्हणून परत आले होते. शाप देणाराच परत आला, तरी मँचेस्टर युनायटेडनं लिस्बनमध्ये येऊन ५-१ नं हरवलं. आणि इटलीचा युव्हेंटस क्लब बघा. युरोपियन कप आणि चॅम्पियन्स लीग धरून हा क्लब सात अंतिम सामने हरलाय, त्यांतले १९९७ पासूनचे पाच ओळीनं. त्यांच्याकडे रागावून गेलेला प्रशिक्षक नाही, म्हणून त्यांचा शाप तेवढा गाजत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाचा संघ चार वर्षांत तीनदा अंतिम सामना हरला, तिन्ही एकाच मैदानावर. एका गृहस्थांनी सांगितलं की मैदान बाधलंय, दोन्ही गोलच्या तोंडाशी काही वस्तू पुराव्या लागतील, खर्च अकरा हजार. मुलं वर्गणी काढायला तयार आहेत.
(संघ व्यवस्थापक, नाशिकरोड)

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. आधी धोक्याचं बोलू. गोलच्या तोंडाशीच गोलरक्षक झेप घेतो, गुडघ्यावर पडतो, तळहात टेकतो. तिथे खिळा, काच किंवा नारळाची करवंटी पुरली असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून ती वर येते. नाशिकच्या काळ्या मातीत हे आणखी लवकर होतं, कारण ती उन्हात भेगाळते आणि पाण्यात फुगते. पुरलेल्या जागेची माती भुसभुशीत राहते, तिथे चेंडू वेडावाकडा उसळतो आणि पाय मुरगळतो. मैदान बाधण्याचा खरा प्रकार हाच.

पुरण्याच्या गोष्टींची मोठी कथा अर्जेंटिनातली आहे. १९६७ साली रेसिंग क्लबनं इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकल्यावर शेजारच्या इंडिपेंडिएंटेच्या चाहत्यांनी त्यांच्या मैदानात सात काळी मांजरं पुरली, असं सांगतात. सहा सापडली. सातवं खोदकाम करून २००१ साली काढलं, आणि त्याच वर्षी रेसिंगला ३५ वर्षांनी लीग मिळाली. मधल्या काळात हा क्लब कर्जात बुडून दिवाळखोरीत गेला होता आणि व्यवस्थापन खासगी कंपनीकडे आल्यावर कारभार मार्गी लागला, हे मांजरांच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियाचंही तसंच. १९६९ साली मोझांबिकमध्ये एका मांत्रिकाची ठरलेली रक्कम दिली नाही म्हणून संघाला शाप लागला, अशी समजूत. खरी अडचण होती ती पात्रता फेरीची. ओशिआनिया गटातून थेट प्रवेशच नव्हता, दर वेळी दुसऱ्या खंडातल्या तगड्या संघाशी दोन सामन्यांत फैसला. १९९३ ला अर्जेंटिना, १९९७ ला इराण, २००१ ला उरुग्वे, तिन्ही वेळा बाद. २००५ ला गुस हिडिंक प्रशिक्षक असताना उरुग्वेवर पेनल्टीत मात केली. मग २००६ पासून ऑस्ट्रेलिया आशियाई गटात आला आणि त्यानंतर प्रत्येक विश्वचषकात खेळला. शिवाय याच ‘शापा’च्या काळात तो १९७४ च्या विश्वचषकातही पोचला होता.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर त्या ऑगस्टमध्ये आधी वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये विधेयक मंजूर झालं. अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणं, भुताखेताची भीती घालणं हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. घरची पूजा, यात्रा, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही, त्यामुळे मंडळात कुणी ती शंका काढली तर समजावून सांगा. त्या गृहस्थांनी मुलांना धमकावलं, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

अकरा हजार जमतच असतील तर त्यांत मैदान सुधारा. आणि एका संध्याकाळी सगळे बसून तिन्ही सामन्यांतले खाल्लेले गोल कागदावर मांडा : कितव्या मिनिटाला, कुठल्या बाजूनं, कॉर्नरवर की चालू खेळात, तेव्हा कोण कुठे होता. शेवटच्या पंधरा मिनिटांतले गोल जास्त निघाले तर दम कमी पडतोय. कॉर्नरवरचे जास्त निघाले तर मार्किंग चुकतंय.

प्रश्न : पेनल्टीआधी मी चेंडू तीनदा आपटतो, मग मागे जाऊन मोजे वर ओढतो. मित्र म्हणतात, ही अंधश्रद्धा. सोडून देऊ का?
(खेळाडू, देवळाली कॅम्प)

उत्तर : सोडू नका, पण एकदा पारखून घ्या. जी कृती पूर्ण तुमच्या हातात आहे, काही सेकंदांत संपते, नियमात बसते आणि लक्ष चेंडूवर आणते, ती सवय. ज्या कृतीसाठी ठरावीक वस्तू, माणूस किंवा क्रम लागतो आणि तो हुकला की मन ढासळतं, ती अंधश्रद्धा.

हा फरक आर्सेनलचा बचावपटू कोलो तूरे याच्या उदाहरणात स्वच्छ दिसतो. ड्रेसिंग रूममधून सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचं, हा त्याचा नेम. फेब्रुवारी २००९ मध्ये आर्सेनल-रोमा सामन्याच्या मध्यंतरात त्याचा सहकारी गालासवर उपचार चालू होते, म्हणून तूरे आतच थांबला. आर्सेनलनं दुसरा डाव नऊ जणांत सुरू केला, आणि तूरे परवानगीशिवाय मैदानात धावला म्हणून त्याला पिवळं कार्ड मिळालं. नेम दुसऱ्याच्या दुखापतीवर अवलंबून असला की असं होतं.

सवय कशी जडते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९४८ साली कबुतरांवर दाखवलं. ठरावीक वेळानं दाणे आपोआप पडत. कबुतर काहीही करो, दाणे येणारच. तरी दाणे पडताना जे चालू होतं तेच कबुतरं पुन्हा पुन्हा करू लागली. एक गोल गोल फिरायचं, एक कोपऱ्यात मान खुपसायचं. गोल झाला त्या दिवशी डावा बूट आधी घातला होता, हे आपल्या मनात असंच बसतं.

तुमच्या पेनल्टीचा क्रम असा ठेवून पाहा. चेंडू स्वतः हातानं ठेवा, हवा भरायची जागा कायम एकाच दिशेला येईल असा. कुठे मारायचं ते चेंडू ठेवण्याआधीच ठरलेलं हवं, नंतर बदल नाही. ठरलेली पावलं मागे जा. मागे जाताना शक्यतो गोलकडे पाठ करू नका. शिट्टी वाजली की लगेच सुटू नका, एक लांब श्वास पूर्ण सोडा, मग धावा. नॉर्वेचे अभ्यासक गेइर यूर्डेट यांना शूटआउटच्या चित्रफिती तपासताना दिसलं की शिट्टीबरोबर घाईनं धावणारे जास्त चुकतात. धावताना गती कमी-जास्त केली तर चालते. पण धाव संपवून पाय चेंडूशी आल्यावर हूल दिली तर पिवळं कार्ड मिळतं आणि गोलही जातो. सरावात हा क्रम थकल्यावरच करा, शेवटच्या दहा मिनिटांत रोज पाच पेनल्टी. ताज्या पायांनी मारलेल्या पेनल्टीतून सामन्यातली पेनल्टी कळत नाही. तुमचं तीनदा आपटणं राहू द्या. एखाद्या दिवशी मुद्दाम दोनदा आपटून मारा. पाय थरथरला, तर सवय नेमापर्यंत गेलीय असं समजा.

प्रश्न : संकष्टीचा उपवास मोडला की संघ हरतो असं आईला वाटतं. पुढचा सामना नेमका संकष्टीला, दुपारी चारला. माझं वजन ५० किलो.
(खेळाडू मुलगी, सिडको)

उत्तर : उपवास करूनही खेळता येतं, निर्जळी मात्र नको. बारा वाजता साबुदाण्याची खिचडी खा, कोरडा साबुदाणा साधारण ८० ग्रॅम. दाण्याचा कूट एक चमचा आणि तूप नावापुरतं, कारण स्निग्ध पदार्थ उशिरा पचतात आणि धावताना पोट जड राहतं. खिचडीबरोबर २५० ते ३५० मिली पाणी. तीन वाजता दोन केळी. मध्यंतरात ग्लासभर लिंबू-साखर पाणी, त्यात सैंधव चिमूटभर. चंद्रोदय उशिरा असतो, म्हणून सामना संपल्यावर लगेच राजगिऱ्याचा लाडू आणि दूध घ्या. गरगरलं तर बाहेर या. आईला एवढंच सांगा की समोरच्या संघातल्याही कुणीतरी संकष्टी धरलीच असेल.

प्रश्न : जिंकलो तेव्हाचे मोजे आणि बूट आम्ही स्पर्धा संपेपर्यंत धूत नाही. चालेल का?
(पंचवटी)

उत्तर : नाही. ओल्या, घामट मोज्यांनी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात जातात. मोजे प्रत्येक सामन्यानंतर धुऊन कडक उन्हात वाळवा. बूट ब्रशनं साफ करून आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा. बूट ‘लकी’ असला तरी स्टड निम्म्यानं झिजले किंवा तळवा मधोमध वाकू लागला, की तो काढा. नवा बूट सामन्याआधी चार-पाच सरावांत अर्धा अर्धा तास घालून मऊ करा. चेल्सीच्या जॉन टेरीची अनेक वर्षांची नडगीरक्षकं २००५ साली बार्सिलोनाच्या सामन्यात हरवली. लॅम्पार्डनं उसनी दिली ती घालून संघानं लिव्हरपूलविरुद्ध लीग कपचा अंतिम सामना जिंकला. मग टेरीला तीच उसनी जोडी लकी वाटू लागली.

प्रश्न : सामन्याआधी गोलपोस्टला लिंबू-मिरची आणि मध्यरेषेवर नारळ चालतो का?
(सातपूर)

उत्तर : नारळ मैदानाबाहेर, टचलाइनपासून लांब, दगडावर फोडा आणि करवंटीचे तुकडे मोजून उचला. मध्यरेषेवर फोडलेल्या नारळाचा एखादा तुकडा राहतोच, आणि तो कुणाच्या तरी गुडघ्यात जातो. गोलपोस्टला काहीही बांधू नका. पंच सामन्याआधी पोस्ट, जाळी आणि हुक तपासतात, आणि तारेत ओवलेली लिंबू-मिरची काढायला लावतात. बांधायचीच असेल तर आपल्या संघाच्या बसला बांधा.