कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची सुनावणी बाहेरच्या माणसाला बघता येते का? लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकला राहून डोंगर चालणं सांभाळून जमेल का?

येते. हे कोर्ट स्वतःचे निर्णय घेता न येणाऱ्या माणसांबद्दल निर्णय देतं. ‘ते बंद दाराआडचं कोर्ट आहे’ असं कोणी वकील सांगत असेल, तर तो २०१६ च्या आधीच अडकलाय. गोंधळ होतो तो नियमामुळे, कारण नियम ४.१ आजही सुनावणी खासगी म्हणतो. पण नियमांच्या जोडीच्या प्रॅक्टिस डायरेक्शन ४सी प्रमाणे न्यायाधीश एरवी ती खुली ठेवतात आणि जोडीला ट्रान्स्परन्सी ऑर्डर, म्हणजे काय बाहेर सांगायचं नाही याचा आदेश, काढतात. दार उघडं, फक्त नाव झाकलेलं.

यादी आदल्या संध्याकाळी कोर्टसर्व्ह या वेबसाइटवर येते. केस क्रमांक ‘सीओपी’ने सुरू होतो. तो, न्यायाधीशांचं नाव आणि वेळ कोर्टाला पाठवायच्या ईमेलच्या विषयातच टाका. मजकूर दोन ओळींचा पुरे: निरीक्षक म्हणून ऑनलाइन सुनावणीची लिंक हवी, ट्रान्स्परन्सी ऑर्डरही पाठवा. कारण सांगायची गरज नाही. साडेदहाची सुनावणी असेल आणि सव्वादहापर्यंत लिंक आली नाही, तर तोच ईमेल पुन्हा पाठवून फोन करा. बहुतेक वेळा नकार नसतोच, ईमेल कुणी उघडलेला नसतो. यादीत ‘खासगी’ छापलंय म्हणून माघार घेऊ नका. तसा आदेश न्यायाधीशांनी खरंच दिलाय का, की यादी करताना तसंच राहून गेलं, हे विचारा.

आत गेल्यावर माइक, कॅमेरा बंद. रेकॉर्डिंग नाही, स्क्रीनशॉटही नाही. तो गुन्हा आहे. वकिलांकडे पोझिशन स्टेटमेंट (आपल्या बाजूचं लेखी म्हणणं) मागा, नाहीतर ‘पी’ (ज्याच्याबद्दल केस आहे तो माणूस), ‘२१ए’ (स्वातंत्र्यावरच्या बंधनाला आव्हान द्यायचं कलम), ‘बेस्ट इंटरेस्ट’ (त्या माणसाचं हित) एवढंच कानावर पडेल आणि भांडण कशाचं ते कळणार नाही.

आता ऑर्डर. ती शब्दन्‌शब्द वाचा. मोडली तर कोर्टाचा अवमान, म्हणजे दंड किंवा तुरुंग. नाव लिहिलं नाही म्हणजे सुटलो, असं नसतं. ‘लेस्टर, मराठी बोलणाऱ्या आजी, मुलगा डॉक्टर’ एवढ्यावर आपल्या मंडळातले लोक पाच मिनिटांत घर शोधतील. म्हणून भाषा, गाव, आजार आणि नातं एकत्र लिहू नका. पण कौन्सिल किंवा रुग्णालयाच्या ट्रस्टचं नाव ऑर्डरमध्ये झाकलेलं दिसलं, तर कशासाठी ते जरूर विचारा. खासगीपणा त्या माणसाचा आहे, त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या संस्थेचा नाही. एखाद्याने कुठे राहायचं, बाहेर फिरायला जायचं की नाही, हे सरकारी खर्चाने ठरत असेल तर ते लोकांनी बघायलाच हवं. ‘कुटुंबाला त्रास होतो’ हे उत्तर मला फार जणांनी दिलंय. कुटुंबाला विचारून ते किती जणांनी दिलं, हे मात्र कोणी सांगत नाही.

डोंगराचं म्हणाल तर सकाळची सुनावणी धरा आणि दुपारी कॅटबेल्स (४५१ मीटर) करा. चालायला किती वेळ लागेल याचा नेस्मिथचा हिशोब: ५ किलोमीटरला एक तास, वर ६०० मीटर चढाईला आणखी एक. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, हेडटॉर्च घ्या. लिंक मात्र खोलीत बसूनच उघडा. कॅफेत शेजारच्याला ऐकू गेलं तरी ऑर्डरचा प्रश्न येतो, आणि दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं.

मालमत्तेच्या वादातली तडजोडीची सुनावणी खासगीच असते, तिथे हट्ट धरू नका. आणि हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिसकडे गेलात तर तिथे २००० चा वेगळा कायदा आहे, प्रकरणं शेरिफ कोर्टात चालतात.