वाचकांचे प्रश्न : रोज बॅकवॉश, तरी पूल दुधाळच

प्रश्न : नेरळजवळ आमचं फार्महाउस आहे. पूल २५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल. पाणी बोअरचं. २० इंची सॅंड फिल्टर आहे, त्यातली वाळू चार वर्षांपूर्वी भरलेली. केअरटेकर रोज सकाळी बॅकवॉश घेतो (पाणी उलटं सोडून वाळू धुतो), ब्लीचिंग पावडरही टाकतो, तरी पाणी दुधाळ दिसतं. मोठा फिल्टर घ्यावा का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोठा फिल्टर घेऊ नका. तुमचा पूल साधारण ३४,००० लिटरचा आहे. २० इंची फिल्टर तासाला ६,००० लिटर पाणी नीट गाळतो, म्हणजे सहा तासांत सगळं पाणी एकदा फिरतं. घरच्या पुलाला एवढं पुरतं. घोळ आहे तो रोजच्या बॅकवॉशचा आणि त्या पावडरीचा.

नुकत्याच धुतलेल्या वाळूतून बारीक कण सहज निसटतात. दोन-चार दिवसांत वाळूवर मळाचा पातळ थर बसतो आणि तोच बारीक कण अडवू लागतो. रोज बॅकवॉश घेतलं की हा थर गटारात जातो, आणि त्याच्याबरोबर दर खेपेला तीन-चारशे लिटर पाणीही.

बॅकवॉश कधी घ्यायचं ते प्रेशर गेजवर ठरवा. वाळू धुऊन झाल्यावर फिल्टर मोडवर काटा कुठे आहे तिथे मार्करने खूण करा. समजा ०.८ किलो आहे. काटा १.३ ते १.५ च्या दरम्यान गेला की बॅकवॉश, त्याआधी नाही. पंप बंद असताना काटा शून्यावर येत नसेल तर आधी गेज बदला. आणि काटा चढण्याऐवजी उतरत असेल तर दोष वाळूचा नाही: पंपाची जाळी तुंबली असेल, किंवा पुलातलं पाणी स्किमरच्या (काठाजवळच्या, वरचं पाणी ओढणाऱ्या खिडकीच्या) तोंडाखाली जाऊन पंप हवा ओढत असेल.

बॅकवॉश घेताना पंप बंद करा, व्हॉल्व्हचा दांडा खाली दाबून बॅकवॉशवर आणा, मग पंप सुरू करा. बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरच्या छोट्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटं, चालू द्या. पुन्हा पंप बंद, दांडा रिन्सवर (म्हणजे खळखळून बाहेर सोडणं), अर्धा ते एक मिनिट. मग परत पंप बंद करून फिल्टरवर. रिन्स बहुतेक जण वगळतात. मग व्हॉल्व्हमध्ये अडकलेला मळ थेट पुलात येतो. बॅकवॉशचं हे क्लोरीनचं पाणी विहिरीकडे किंवा सेप्टिक टॅंकमध्ये सोडू नका.

आता पावडर. ब्लीचिंग पावडरीत चुना असतो. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ७.८ च्या वर गेला की चुना पाण्यात तरंगतो (तो दुधाळपणा बऱ्याचदा हाच) आणि उरलेला वाळूत बसून तिचे गोळे होतात. मग पाणी गोळ्यांना वळसा घालून फटीतून न गाळता निघून जातं. खात्री करायची तर पंपाचा एमसीबी पाडा, हवेचा नट सैल करून प्रेशर सोडा, मगच झाकण उघडा. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना धरलाय, आणि गोळे बोटांनी फुटत नसतील तर वाळू बदलायची वेळ झाली. एरवी वाळू पाच-सात वर्षं टिकते.

पावडर वापरायचीच असेल तर बादलीत कालवून रात्रभर बसू द्या आणि फक्त वरची निवळी पुलात ओता. पीएच ७.२ ते ७.६, क्लोरीन १ ते ३ पीपीएम. पावडर सोडून टीसीसीएच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्यांवर जाणार असाल तर पावडरीचं भांडं किंवा चमचा त्यांना लावू नका. दोन्ही एकत्र आले की आग किंवा स्फोट होऊ शकतो.

प्रश्न : पुलाच्या तळाशी, इनलेटखाली (गाळलेलं पाणी पुलात परत येतं त्या तोंडाखाली) फिल्टरमधली वाळू साठते. ती किनाऱ्यावरची वाळू घालून भरून काढली तर चालेल?
– एक वाचक, मालवण

उत्तर : मुळीच नाही. किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि मीठ असतं, शिवाय दाणा एकसारखा नसतो. फिल्टरला ०.५ मिमीच्या आसपासची, चाळलेली सिलिका वाळूच लागते.

आधी गळती शोधा. वाळू फक्त बॅकवॉशनंतर येत असेल तर रिन्स राहतोय. रोज येत असेल तर फिल्टरच्या टाकीच्या तळातली फटीदार नळी, म्हणजे लॅटरल, तडकली आहे. त्यासाठी सगळी वाळू काढावी लागते, दुसरा उपाय नाही. एक तुटली असली तरी सगळ्या बदला, कारण बाकीच्याही तेवढ्याच जुन्या असतात. पुन्हा भरताना टाकीत अर्धं पाणी घ्या, म्हणजे वाळूच्या भाराने नव्या लॅटरल मोडणार नाहीत. मधल्या उभ्या पाइपचं तोंड चिकटपट्टीने बंद करा, नंतर काढायला विसरू नका. २० इंची टाकीत साधारण ८५ ते १०० किलो बसते. नेमका आकडा लेबलवर असतो. काठोकाठ भरू नका, बॅकवॉशला वाळू उचलली जायला वर जागा हवी. मग धूळ जाईपर्यंत बॅकवॉश.

प्रश्न : दांडा फिल्टरवर असतानाही वेस्टच्या (बॅकवॉशचं पाणी बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून पाणी ठिबकतं. पूल रोज कमी होतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या (दांडा असलेल्या त्याच व्हॉल्व्हच्या) आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबर, स्पायडर गॅस्केट, गेलं आहे. कधी त्याखाली वाळूचा एखादा दाणा अडकलेला असतो, म्हणून आधी उघडून पुसून बघा. नवं बसवताना जुना गोंद पूर्ण खरवडा. चालू पंपावर दांडा फिरवला की हेच रबर आधी उपटतं. केअरटेकरसाठी दांड्याशेजारी ‘आधी पंप बंद, मगच दांडा’ असं मोठ्या अक्षरात लिहून लावा.