मॉडर्न डॉलहाऊसचं किट पहिल्यांदाच करताय? मग आधी जोड बघा

तुम्ही विचारलंय की मॉडर्न स्टाइलचं, म्हणजे सपाट छप्पर, मोठ्या काचा, पांढऱ्या भिंती असलं डॉलहाऊसचं किट घ्यायचंय, आधी कधी केलेलं नाही, कौलारू नक्षीदार घरापेक्षा हे सोपं जाईल ना, स्केल कुठलं घ्यावं, पुण्यात सामान कुठे मिळेल आणि झाल्यावर आठ वर्षांच्या मुलीला खेळायला देता येईल का.

सोपं जाईल का ह्याचं उत्तर आधी देतो, नाही जाणार. दिसतं सोपं, ते वेगळं. माझं काम इंटिरियरच्या साइटवरचं आहे आणि संध्याकाळी घरी हे किटांचं वेड, त्यामुळे दोन्हीकडे एकच गोष्ट बघतो. जुन्या पद्धतीच्या घरात भिंतीच्या तळाला स्कर्टिंगची पट्टी असते, भिंत छताला मिळते तिथे कॉर्निसची पट्टी असते, खिडकीला जाड चौकट असते, दाराभोवती आर्किट्रेव्हची पट्टी असते, आणि ह्या सगळ्या पट्ट्यांचं निम्मं काम शोभेचं असलं तरी निम्मं काम जोड झाकायचं असतं. साइटवर फट राहिली की सुतार काय म्हणतो, साहेब पट्टी मारून घेऊ. मॉडर्न घरात मारायला पट्टीच नसते. भिंत सरळ जाऊन छताला भिडते, काच सरळ जमिनीपर्यंत येते, जे आहे ते उघडं. आता हिशोब बघा, १:२४ च्या, म्हणजे खऱ्या मापाच्या चोविसाव्या भागाएवढ्या किटमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तर खऱ्या घराच्या मापात ती १२ मिलिमीटर होते, म्हणजे बोट जाईल एवढी. फोटो काढला की सगळ्यात आधी डोळा तिथेच जातो.

म्हणून घेऊ नका असं म्हणत नाहीये, उलट घ्याच, फक्त वेळ कुठे घालवायचा ते आधी ठरवा. बहुतेक लोक सगळा जीव त्या इवल्या सोफ्यात आणि कुंड्यांत ओततात आणि भिंती घाईघाईत चिकटवून मोकळे होतात. मॉडर्न घराला फर्निचर कमीच असतं, तिथे भिंत, स्लॅब आणि काच हेच घर.

स्केलचं बोलू. १:१२ म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच, हे मोठ्या डॉलहाऊसचं जुनं माप. आपली नवी दिल्ली आखणाऱ्या आर्किटेक्ट एडविन लट्येन्सने इंग्लंडच्या क्वीन मेरीसाठी जे डॉलहाऊस डिझाइन केलं ते १:१२ चंच, १९२४ साली पूर्ण झालं, त्यात नळाला खरं पाणी येतं आणि दिवे खरे लागतात, आज विंडसर कॅसलमध्ये आहे. पण १:१२ मध्ये दहा फुटी खोलीची उंचीच दहा इंच होते, दोन मजले म्हटले की जवळजवळ पावणेदोन फूट, आणि वन बीएचकेमध्ये तेवढी जागा द्यायला घरचे तयार आहेत का ते आधी विचारून घ्या. १:२४ म्हणजे त्याच्या निम्मं, फुटाला अर्धा इंच. ऑनलाइन जी चायनीज किटं मिळतात ती बरीचशी ह्याच्या आसपासची असतात, आसपासची अशासाठी की बऱ्याच किटांत खुर्ची एका स्केलची आणि पलंग दुसऱ्याच स्केलचा, हे चालतं. पहिलं किट १:२४ चं घ्या. शेल्फवर मावतं, सामान कमी लागतं, आणि एक बोनस म्हणजे १:२४ च्या डायकास्ट, म्हणजे धातूच्या ओतीव गाड्या खेळण्यांच्या दुकानात सहज मिळतात, पार्किंगमध्ये अगदी फिट बसतात. मुलांच्या त्या छोट्या मॅचबॉक्सच्या गाड्या आणू नका, त्या १:६४ च्या आसपास असतात, पोर्चमध्ये उभ्या केल्या की घरच विनोदी दिसतं. आणि कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून तिथल्यासारखी झाडं-माणसं लावू असं डोक्यात असेल तर ते एचओ स्केल आहे, म्हणजे मॉडेल रेल्वेचं १:८७ चं माप, तिथला माणूस आपल्या १:२४ च्या घरात जेमतेम दीड फुटी दिसेल.

किट उघडलं की आधी काही चिकटवायचं नाही, सगळं मास्किंग टेपने कोरडं उभं करून बघायचं. लेझर कटिंगचे खाच-खुंट्या बसतायत का, कुठला तुकडा वाकलाय का, आणि मुख्य म्हणजे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का. छोटा स्टीलचा गुण्या घ्या, बोहरी आळीत हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो, किंवा घरात लेगोचे ठोकळे पडले असतील तर कोपऱ्यात तेच लावा, काटकोन एकदम पक्का असतो त्यांचा. पहिला कोपरा जरा जरी उघडा राहिला तर छप्पर बसताना ती चूक चारपट होऊन समोर येते आणि तोवर फेविकॉल वाळलेला असतो.

मग जाडी. हा मुद्दा किटच्या कागदावर कुठे लिहिलेला नसतो पण मॉडर्न घरात ह्याच्यावरच सगळं दिसणं अवलंबून आहे. किटची शीट साधारण ३ मिलिमीटरची असते, १:२४ ला गुणलं की ७२ मिलिमीटर, म्हणजे तीन इंची भिंत. आपल्याकडे आतली भिंत वीट आणि प्लास्टर धरून पाच-सहा इंच, बाहेरची नऊ इंच, स्लॅब पाच इंच. कौलारू घरात भिंतीची कड दिसत नाही म्हणून खपून जातं, पण इथे बाल्कनीचा स्लॅब बाहेर काढलेला असतो आणि त्याची कड बरोब्बर डोळ्यासमोर, तीन इंचाचा स्लॅब पुठ्ठ्यासारखाच दिसतो. उपाय सोपा आहे, जिथे कड दिसते तिथे खालून अजून २ मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) किंवा माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा) चिकटवा, पाच मिलिमीटर झाले की स्लॅब स्लॅबसारखा दिसायला लागतो. नुसत्या एवढ्याने किटचा खेळणेपणा निम्मा जातो, माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

आता त्या फटी. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, परत भरायची, परत घासायची, वाळू द्यायची, हे कंटाळवाणं आहे पण पांढऱ्या भिंतीला पर्याय नाही. ३२० चा पॉलिश पेपर एका सपाट लाकडी तुकड्यावर गुंडाळून घासा, नुसत्या बोटाने घासलं की तिथे खड्डा पडतो. दुसरा मार्ग खऱ्या आर्किटेक्टकडून उचललेला, त्याला शॅडो गॅप म्हणतात. खऱ्या घरात भिंत आणि फॉल्स सीलिंग भिडतात तिथे मुद्दाम दहा-बारा मिलिमीटरची खाच सोडतात, कारण दोन गोष्टी तंतोतंत भिडवण्यापेक्षा त्यांच्यात सरळ अंधारी रेघ ठेवणं सोपं असतं. १:२४ ला ती अर्धा मिलिमीटर येते. म्हणजे मघाशी जी फट दोष होती तीच सगळीकडे सारखी ठेवली आणि मागून काळा कागद लावला की डिझाइन होते. अट एकच, सारखी पाहिजे, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद झाली की झालंच मग.

रंगाचं. लेझरने कापलेली कड जळून तपकिरी झालेली असते, त्यावर थेट पांढरा रंग मारला तर पिवळट डाग वर येतात, कितीही हात मारा. आधी कड घासा, मग प्राइमर, मग रंग. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, असेल तर त्याची कड रंग पिऊन टाकते, पातळ केलेल्या फेविकॉलचा हात देऊन ती आधी बंद करा. घासताना मास्क लावा, एमडीएफची धूळ वाईट. रंग मॅटच घ्या, ब्रशऐवजी स्पंजच्या तुकड्याने थोपटून पातळ थर द्या कारण ब्रशची रेघ १:२४ मध्ये भिंतीवर गवंड्याने हात फिरवल्यासारखी दिसते. आणि दुकानातला झगझगीत पांढरा घेऊ नका, थेंबभर करडा किंवा पिवळा टाका, घर राहतं वाटतं, नाहीतर फ्रिजच्या आतून बघितल्यासारखं.

भिंतीचा कागद किंवा जमिनीच्या टाइल्स चिकटवताना पुण्याचा पावसाळा मधे येतो. कागद ओल्या गोंदाने फुगतो, वाळताना आकसतो आणि पातळ शीटला आपल्याकडे ओढतो, सकाळी बघावं तर भिंत पापडासारखी वाकलेली. एक तर दोन्ही बाजूंना कागद लावा म्हणजे ओढ सारखी होते, नाहीतर ओला गोंद टाळून चांगली डबल साइड टेप वापरा, आणि वाळेपर्यंत वजन ठेवा, जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा उत्तम. टाइल्स प्रिंट करणार असाल तर दोन बाय दोन फुटी व्हिट्रिफाइड म्हणजे १:२४ ला बरोबर एक इंचाचा चौकोन. लाकडाचं टेक्स्चर प्रिंटच करा, खरं सागाचं व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावायचा मोह होतो पण त्याच्या रेषा ह्या मापाला फार मोठ्या पडतात.

गोंद आणि बॅटरी बहुतेक किटांत येत नाही, कुरियरवाले द्रव आणि सेल नेत नाहीत म्हणून. लाकडाला साधा फेविकॉल पुरतो. काचेच्या जागी जे ॲक्रिलिक किंवा प्लास्टिकची शीट येते तिथे फेविक्विक चुकूनही नको, त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी साय धरते आणि मॉडर्न घराची निम्मी शान त्या काचेतच असते. वाळल्यावर पारदर्शक होणारा क्राफ्टचा गोंद काडीने अगदी कडेला लावा. काचेवरची संरक्षक फिल्म सगळ्यात शेवटी काढायची, हे सांगायला नको पण सांगतो.

दिवे भिंत रंगवायच्या आधी ठरवा, वायर कुठून जाणार तिथे खाच पाडून घ्या. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्टवर चालतो म्हणून किटात दोन सेलचा डबा असतो. मी स्वतः सेल टाळतो आणि मोबाइलच्या जुन्या चार्जरवरून ५ व्होल्ट घेतो, प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १५० ओहमचा रेझिस्टर लावायचा, सगळ्यांना मिळून एक नाही. हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं, रेझिस्टर काही पैशांतले असतात त्यामुळे दुकानदार एकदोन द्यायला तोंड वाकडं करतो, दहा-वीस घेऊनच टाका. वॉर्म व्हाइट मागा आणि सगळे एकाच वेळी घ्या, अर्धे पिवळे अर्धे निळसर झाले तर हॉलमध्ये संध्याकाळ आणि किचनमध्ये दवाखाना. कोव्ह लाइटिंग, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या कडेला लपवलेले दिवे, करायचं असेल तर ५ व्होल्टची एलईडी पट्टी मिळते पण ती ८ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे १:२४ ला साडेसात इंच, तेवढं फॉल्स सीलिंग धरून चला.

बाकी सामान, कटर, कटिंग मॅट, माउंट बोर्ड, ॲक्रिलिक रंग हे अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात स्टेशनरीच्या दुकानांत. किटमधला एखादा तुकडा तुटला तर घाबरू नका, आर्किटेक्चरची पोरं जिथे मॉडेलं कापून घेतात तसली लेझर कटिंगची दुकानं शहरात बरीच आहेत, तुकड्याचं माप घेऊन गेलात की कापून देतात. तुळशीबागेत भातुकली बघून हात शिवशिवतील, पण मोजपट्टी घेऊन जा, एक इंचाचं पातेलं १:२४ ला दोन फुटी होतं, लग्नाच्या पंगतीचं. १:१२ ला मात्र तिथली अगदी बारीक भांडी चालून जातात.

आता मुलीचं. ही किटं खेळायची नसतात, शोभेची असतात, बहुतेक खोक्यांवर १४ वर्षांच्या पुढे असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. खुर्चीचा पाय काडीपेटीतल्या काडीहून बारीक, दुसऱ्या दिवशी मोडणार आणि मग तुम्ही तिच्यावर ओरडणार. बार्बी तर आत जाणारच नाही, ती १:६ ची, साडेअकरा इंच उंच. घरात अजून लहान भावंड असेल तर बटण सेल अजिबात ठेवू नका, गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. पण तिला बाजूलाही बसवू नका. टाइल्स कापणं नाही पण चिकटवणं, झाडं करणं, भिंतीवर लावायची चित्रं काढणं हे आठ वर्षांची पोर आपल्यापेक्षा नीट करते, बोटं बारीक असतात. आणि तिला खेळायलाच हवं असेल तर ह्या किटबरोबरच १२ मिलिमीटर प्लायचा दोन खोल्यांचा साधा खोका एखाद्या सुताराकडून करून घ्या, १:१२ च्या मापाने, दहा इंच उंचीची खोली, पुढून उघडा. त्यात तुळशीबागेतलं सगळं मावतं, आणि रंग तिला हवा तो देऊ द्या, जांभळा म्हणाली तर जांभळा.