‘नॉनकोडिंग’ म्हणजे निरर्थक का?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘नॉनकोडिंग आरएनए’ला ‘निरर्थक आरएनए’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. कृपा करून तसं म्हणू नका.

इथे ‘कोड’ म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती. ज्या आरएनएत, म्हणजे पेशीत डीएनएवरून उतरवलेल्या रेणूत, ती लिहिलेली नसते तो नॉनकोडिंग, एवढंच. ‘निर्’ लावला की अर्थच नाहीसा होतो. ‘बिन’ तसं करत नाही. बिनतारी यंत्रात तार नसते, संदेश मात्र पोचतो. म्हणून मी ‘बिनसंकेती आरएनए’ म्हणेन आणि पहिल्या उल्लेखात ‘ज्यात प्रथिनाची कृती नाही असा’ एवढं जोडेन. ‘प्रथिन न घडवणारा’ हा पर्याय सोपा वाटतो, पण तो चुकीचा आहे. रायबोसोम या पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्यातला आरएनए बिनसंकेतीच असतो आणि प्रथिनाची साखळी जोडण्याचं मुख्य काम तोच करतो!

तुमच्या लेखात ‘हॉटेअर’ असणारच. २००७ साली उजेडात आलेला हा सुमारे २,२०० रासायनिक अक्षरांचा बिनसंकेती आरएनए. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवर रासायनिक खुणा करून जनुकं बंद पाडणाऱ्या प्रथिनांशी तो जोडला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्याचं प्रमाण वाढलेलं आढळतं. ज्या रुग्णांत ते जास्त, त्यांच्यात रोग लसीकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोडपर्यंत) गेल्याचंही अधिक वेळा दिसलं आहे. ‘हॉटेअर’ हे ज्याचं लघुरूप आहे त्या लांबलचक नावात ‘अँटिसेन्स’ हा शब्द येतो. त्याचाही अर्थाशी संबंध नाही. डीएनएच्या उलट बाजूच्या धाग्यावरून उतरवलेला, एवढंच त्यातून कळतं.

न विचारलेलं एक सांगते. तुमच्या शीर्षकातला ‘कर्करोगाचा प्रसार’ बदला. माझ्या मावशीला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा ‘पसरलाय’ हा डॉक्टरांचा शब्द घरच्यांनी ऐकला आणि तिचं ताट-पेला वेगळा ठेवला. ती पुढचे कित्येक महिने स्वयंपाकघराच्या दाराशी बसून जेवली. या रोगामागचा एचपीव्ही हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो, तोही मुख्यतः शरीरसंबंधातून, ताटावाटीतून नव्हे. कर्करोग स्वतः असा दुसऱ्याला लागत नाही, तो त्याच शरीरात पुढे सरकतो. ‘प्रसार’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे साथ येते. तेव्हा ‘कर्करोगाचा शरीरातला फैलाव’ असं लिहा. दोन अक्षरं जास्त गेली तरी चालतील.