वाडा विकला, पण भिंतीतला फलक कोणाचा?

प्रश्न : वाईतल्या आमच्या वडिलोपार्जित वाड्याचं साठेखत झालं असून खरेदीखत पुढच्या महिन्यात आहे. दिवाणखान्याच्या भिंतीत शिवाजी महाराजांचं उठावशिल्प असलेला संगमरवरी फलक बसवलेला आहे, खाली ‘शके 1829’ कोरलंय. खरेदीदार म्हणतो, भिंतीबरोबर तो माझा. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, काढून ठेव, मी घेऊन जाईन. काय करावं?

उत्तर : आधी छिन्नी लावू नका. भिंतीत कायमची बसवलेली वस्तू मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार स्थावराचाच भाग समजली जाते आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर वास्तूबरोबर खरेदीदाराकडे जाते. म्हणजे त्याचं म्हणणं हवेतलं नाही. पण साठेखताने मालकी जात नाही, ती खरेदीखताने जाते. त्यामुळे अजून हातात वेळ आहे. मात्र साठेखतानंतर मालमत्ता जपणं ही विकणाऱ्याचीच जबाबदारी असते. फलक गुपचूप उपटलात तर भरपाईचा दावा किंवा किंमत कमी करण्याची मागणी तुमच्याच अंगावर येईल.

खरेदीदाराशी बोला आणि पुरवणी करार करा. साठेखत नोंदणीकृत असेल तर हाही नोंदवा. त्यात फलकाची जागा, लांबी-रुंदी, कोरलेला मजकूर आणि फोटो द्या, तो व्यवहारातून वगळल्याचं लिहा, काढल्यावर भिंत कोण बुजवणार तेही ठरवा. तोच मजकूर खरेदीखतात पुन्हा यायला हवा, नाहीतर पुढे वाद त्या शेवटच्या दस्तावरून होतो. सही सगळ्या वारसांची घ्या. बहिणी असतील तर त्यांचाही हिस्सा आहे. भावाने फोनवर ‘माझी हरकत नाही’ म्हणणं पुरत नाही. त्याच्याकडून रीतसर मुखत्यारपत्र मागवा.

आता दुसरा कायदा. शके 1829 म्हणजे इसवी सन 1907 (शकात 78 मिळवायचे, चैत्राआधीच्या जानेवारी-मार्चात 79). हे घडवल्याचं वर्ष असेल तर फलक शंभरी ओलांडून गेलाय आणि 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाखाली येतो. कोरलेला शक नेहमीच घडवल्याचा असतो असं नाही. शके 1596 लिहिलेला फलक राज्याभिषेकाची आठवण म्हणून विसाव्या शतकातही घडवलेला असू शकतो. म्हणून जुनी कागदपत्रं, लग्नाच्या फोटोत मागे दिसणारी भिंत, कारागिराची पावती, जे मिळेल ते जमवा. वस्तू पुरावशेष आहे की नाही यावर वाद झाला तर निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा.

पुरावशेष ठरणारी दगडी शिल्पं नोंदवावी लागतात. ताबा आल्यापासून 15 दिवसांत. तुमची मुदत केव्हाच उलटली असणार. तरीही उशिराचं कारण लिहून फोटोंसह पुरावशेषांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे (दस्त नोंदवणाऱ्या नव्हे) अर्ज करा. न नोंदवणं हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही, आणि वस्तू जप्तीचा गुन्हा आहे. स्वतःहून गेलेल्याची बाजू मांडणं आम्हा वकिलांनाही सोपं जातं. नोंदणी झाली की फलक देशात देता किंवा विकता येतो, फक्त हस्तांतर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं. दलालामार्फत विकणार असाल तर आधी त्याचा परवाना पाहा.

भावाचा बेत मात्र सोडून द्या. पुरावशेष देशाबाहेर नेण्याची मुभा केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. वारसाहक्क आहे, भेट आहे, घरचं सामान आहे, ही कारणं चालत नाहीत. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं, वर दंड. फलक शंभर वर्षांच्या आतला निघाला तरी पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घेतल्याशिवाय तो विमानतळावर नेऊ नका.

काढायचं काम गवंड्याकडे देऊ नका, शिल्प-संवर्धकाकडे द्या. दोन फूट बाय दीड फूट, दोन इंच जाडीची शिळा पस्तीस-चाळीस किलो भरते. मागे लोखंडी पकडी असतील तर त्या गंजून फुगलेल्या असतात आणि पहार लावताच कोपरा उडतो. ॲसिडने धुऊही नका. संगमरवर त्यात विरघळतो आणि बारीक कोरलेला शक, म्हणजे तुमचा मुख्य पुरावा, पुसट होतो.