मीठ टाकलं तरी लिक्विड पातळच! वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (सातारा): बचत गटात भांड्यांचं लिक्विड करतो. पातळ वाटलं म्हणून मीठ वाढवत गेलो तर अजूनच पाण्यासारखं झालं. मीठ खराब होतं का?

मिठाचा दोष नाही हो ताई, हात जरा सैल सुटला. एसएलईएस म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट, लिक्विडमधला मळ काढणारा मुख्य घटक; त्याचे रेणू पाण्यात घोळका करून राहतात, त्याला मायसेल म्हणतात, सुरुवातीला हे मायसेल साबुदाण्यासारखे गोल असतात कारण रेणूंच्या डोक्यांवर ऋण भार असतो आणि ती एकमेकांना ढकलतात. मिठातला सोडियम तो भार झाकतो, मग डोकी जवळ सरकतात आणि साबुदाण्याच्या लांबलचक शेवया होतात, त्या एकमेकींत गुंतल्या की लिक्विड दाट. पण मीठ पडतच राहिलं तर शेवयांना फाटे फुटतात, ते फाटे इकडून तिकडे सरकतात आणि गुंता ढिला पडतो. बॅच फेकू नका! बिनमिठाची एक बॅच करा आणि ती यात थोडी थोडी मिसळत जा, घट्टपणा परत येतो. पुढच्या वेळी आधी चार-पाच ग्लासांत 100-100 मिली घेऊन प्रत्येकात मीठ वेगळं टाकून बघा, मगच ड्रमला हात लावा.

प्रश्न (नागपूर): सकाळी मस्त दाट असतं, मे महिन्यात दुपारी गिऱ्हाईक म्हणतं पाणी घातलंत.

गिऱ्हाईकाला काय समजावणार म्हणा! साधं पाणी 20 अंशांवरून 40 वर नेलं तर त्याचा दाटपणा साधारण एक तृतीयांशच कमी होतो, पण इथे उष्णतेने शेवयाच तुटून आखूड होतात, त्यामुळे घसरण कितीतरी जास्त. गार झालं की परत जुळतात, माल बिघडलेला नसतो. म्हणून गरम बॅच बघून मीठ वाढवायचं नाही, आधी गार होऊ द्या.

प्रश्न (पुणे, एमएस्सी): अल्कोहोलने घट्टपणा वाढतो की कमी होतो? दोन्ही वाचलंय.

दोन्ही बरोबर, कुठलं अल्कोहोल ते बघ. इथेनॉल, आयपीए (आयसोप्रॉपिल अल्कोहोल), प्रॉपिलीन ग्लायकॉल बहुतेक पाण्यातच राहतात आणि एसएलईएस रेणूच्या तेलकट शेपटीला (डोक्याच्या विरुद्ध टोक, जे पाण्यापासून लपतं) पाणी जरा सुसह्य करतात, मग शेपट्यांना लपायची तेवढी गरज उरत नाही, शेवया आखूड. डोडेकॅनॉलसारखं लांब साखळीचं अल्कोहोल मात्र मायसेलच्या आतच घुसून बसतं, डोक्यांमधलं ढकलणं कमी करतं, म्हणून लिक्विड दाट होतं. ग्लिसरीनची गंमत वेगळी, 25 अंशांना ते स्वतः पाण्याच्या जवळपास हजारपट दाट, तरी लिक्विडमध्ये भरपूर घातलं की शेवया आखूड करतं.

प्रश्न (महाबळेश्वर): थंडीत लिक्विड पांढरं पडतं.

एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) पावडर वापरताय वाटतं. शुद्ध एसएलएस 16 अंशांच्या आसपास पाण्यातून स्फटिक होऊन बाहेर येतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, निवळेल, आणि पुढच्या बॅचला एसएलईएस घ्या.