मागच्या आसनावरचा पट्टा

परवाना नुकताच हाती आला आहे आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही कुटुंबाला घेऊन तुळजापूरला निघणार आहात, म्हणून सीट बेल्टविषयी आग्रहाने लिहितो आहे. आपल्याकडे मागच्या आसनावर सोलापुरी चादर अंथरण्याची पद्धत आहे. तिच्याखाली पट्ट्यांची कुलुपे दडपली जातात आणि मग कोणी ती शोधतही नाही. माझ्याही गाडीत कित्येक वर्षे हेच होते, याची मला आजही खंत वाटते. निघण्यापूर्वी चादर काढा, प्रत्येक कुलूप वर घ्या आणि ‘खट्’ असा आवाज ऐकल्याशिवाय गाडी हलवू नका.

पट्टा नुसता अडकवून भागत नाही. खालचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडांवर घट्ट बसावा, वरचा खांद्यावरून छातीच्या मधोमध जावा आणि त्याला कोठेही पीळ नसावा, कारण धक्क्याचा भार शरीराच्या मजबूत हाडांनीच पेलायचा असतो. मागचा मनुष्य मोकळा असेल, तर धडकेच्या क्षणी तो पुढच्यावर आदळतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात मृत्यू पावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागेच बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

कायद्यानुसार दंड १,००० रुपये आहे. चौदा वर्षांखालील मुलांनाही पट्टा किंवा बालआसन बंधनकारक आहे. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणे मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी मान्य करू नका. गळीत हंगामात, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यात विनादिव्याच्या उभ्या असताना, अचानक ब्रेक दाबण्याची वेळ रात्री हमखास येते.